वळणावरचं मीठ

बिन बाहेर नेऊन ठेवायची होती. काम एवढंच होतं.

दर गुरुवारी अंधार पडता पडता काळी बिन ढकलत गल्लीच्या तोंडाशी न्यायची, वळणावर उभी करायची आणि शुक्रवारी सकाळी कचऱ्याची लॉरी येऊन गेली की रिकामी परत आणायची. केंब्रिजच्या उत्तरेला, सपाट काळ्या शेतांच्या मधोमध असलेल्या त्या घरात हे काम नानांचं होतं. ते कुणी त्यांना दिलेलं नव्हतं, त्यांनी मागून घेतलं होतं. बसून खाणं नानांना जमत नसे.

नाना म्हणजे रघुवीर घरत. उरणकडचे. सारा जन्म मिठागरावर गेला. शाळा चौथीपर्यंत. बायको यमुना गेली, तेव्हा लेक सुप्रभा त्यांना इथे घेऊन आली. हा त्यांचा इथला तिसरा हिवाळा. जावई अनुप नोकरीसाठी आठवडाभर लंडनमधल्या हाउन्सलोला राहायचा, शुक्रवारी यायचा. घरात तिघंच. नाना, सुप्रभा आणि नात उर्वी.

त्या गुरुवारी दुपारी टीव्हीवर हवामान सांगणारी बाई आली. नानांना तिचं बोलणं कळत नसे, पण तिच्यामागचा नकाशा कळायचा. त्यांच्या गावाच्या डोक्यावर राखाडी ढग आणि ढगाखाली दोन पांढऱ्या चांदण्या.

"काय म्हणते?" नानांनी विचारलं.

"हलका स्नो. रस्ते स्लिपरी. जपून चालवा म्हणते." सुप्रभा बूट घालत होती. उर्वीला शाळेतून आणायला निघाली होती. "नाना, आज बिन राहू द्या हं. मी आल्यावर ठेवीन."

"का? माझे हात गळाले?"

"हात नाही हो, पायांचं म्हणतेय मी. तुम्ही पडलात की रात्रभर हॉस्पिटलात बसायचं आपण दोघांनी."

"चिखलात जन्म काढला. कधी पडलो नाही."

"तो उरणचा चिखल होता."

"चिखलाला गाव नसतं."

सुप्रभा हसली. नाना बरोबर असोत की चूक, त्यांचा आवाज एकच असतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"तूच जपून ये," नाना म्हणाले. "वळणावर."

यावर ती हसली नाही. ते वळण वाईटच होतं. मैलभर सुतासारखा सरळ आलेला रस्ता तिथे एकाएकी मोडायचा आणि मोडायचा तोही कालव्याच्या काठावर. कालव्याला कठडा नव्हता. इथले लोक त्याला नुसतं 'ड्रेन' म्हणत. पण गटार कसलं, दोन पुरुष खोल पाणी होतं ते. वर्षापूर्वी एक गाडी त्यात गेली होती.

"सकाळी ग्रिटर येऊन गेला, मी पाहिलाय," सुप्रभा म्हणाली. बर्फ पडणार असला की जी रस्त्यावर मीठ पसरत जाते, त्या लॉरीला ती ग्रिटर म्हणे. नाना मीठगाडी म्हणत. "पण त्या वळणावर मीठ टिकतच नाही, नाना. शेजारची जीन सांगत होती. कौन्सिलवाले दोनदोनदा टाकून जातात आणि थोड्या वेळाने बघावं तर रस्ता कोरा."

"वारा नेत असेल."

"ओलं मीठ वारा नेतो?"

ओलं मीठ वारा नेत नाही, हे नानांना कुणी सांगायला नको होतं.

"जीनच्या लहानपणी मीठगाडीच तिथे ड्रेनमध्ये गेली होती म्हणे," सुप्रभा गाडीची किल्ली शोधत म्हणाली. "ड्रायव्हर म्हातारा होता. जन्मभर लोकांसाठी मीठ टाकलं आणि स्वतः तिथेच घसरला."

"मग वेचत असेल."

"कोण? काय?"

"सांडलेलं मीठ. पापण्यांनी."

सुप्रभा थबकली. मग तिला आठवलं. "आई म्हणायची ते! मीठ सांडलं की देवाघरी पापण्यांनी वेचावं लागतं. मी चिमूटभर सांडलं तरी ओरडायची."

"ओरडणारच. मिठागरावरची बाई ती."

"मग या कौन्सिलचं काही खरं नाही बघा. मेल्यावर सगळं खातं पापण्यांनी मोटरवे साफ करणार."

नानाही हसले. मिशीतल्या मिशीत. पण पहिल्या हिवाळ्यात जेव्हा त्यांनी लॉरीच्या मागून रस्त्यावर मीठ उडताना पाहिलं होतं, तेव्हा त्यांना हसू आलं नव्हतं. ते रस्त्यावर उतरले होते. एक खडा उचलून जिभेवर ठेवला होता. मळकट, तपकिरी, पण मीठच. लहानपणी मिठाच्या राशीवर पाय पडला म्हणून बापाने त्यांच्या थोबाडीत मारली होती. आणि इथे त्याच मिठावरून गाड्या जात होत्या.

"आणि तो डावा दिवा बदलून घे," नाना दारातून म्हणाले. सुप्रभाच्या गाडीचा डावा दिवा मंद झाला होता, म्हाताऱ्याच्या डोळ्यासारखा.

"शनिवारी नक्की!" गाडी गेली.

नानांनी दार लावलं. घर ऊबदार होतं. त्यांनी तांदूळ धुऊन ठेवले, मग आपल्यापुरता चहा केला आणि खिडकीशी बसून प्यायले. बाहेर चांदण्या पडायला लागल्या होत्या, टीव्हीवर दाखवल्या तशाच, फक्त लहान. पीठ चाळावं तसा बर्फ. नानांना बरं वाटलं. म्हातारपणी माणसाला काय लागतं? गरम चहा, लेकीचं घर आणि करायला एखादं काम. तिन्ही होतं.

चहा संपता संपता उजेडही संपला. इथली तिन्हीसांज दुपारच्या चहालाच येते. नानांनी देवापुढे दिवा लावला, हात जोडले, तपकिरी लोकरी टोपी कानावर ओढली, जाड कोट चढवला आणि बिन घेऊन निघाले.

लेकीने नको म्हटलं होतं. म्हणूनच निघाले.

बिनची चाकं खडखडत होती. बाकी आवाज नव्हता. त्या सपाट मुलखात बर्फ पडतो तेव्हा आवाज जमिनीवरच बसतो, उठत नाही. एका बाजूला नांगरलेलं काळं शेत, त्यावर पांढरी भुकटी. दुसऱ्या बाजूला कालवा. पाणी दिसत नव्हतं, पण तिथे आहे हे गालाला कळत होतं.

अर्ध्या वाटेवर नानांना वास आला.

थंडीत वास येत नाही. नाक बधिर होतं. पण हा वास त्यांना झोपेतही ओळखता आला असता. भरती ओसरल्यावर खाडीकाठच्या खाजणाला येतो तो. ओला चिखल, उन्हात तापलेलं खारं पाणी आणि खाली जमू लागलेलं मीठ. आगराचा वास.

नाना थांबले. समुद्र तिथून कितीतरी लांब होता.

'म्हातारा झालास, रघुवीर,' ते मनाशी म्हणाले आणि बिन पुढे ढकलली.

वळण जवळ आलं. तिथे एकच दिव्याचा खांब होता, पिवळ्या उजेडाचा. खांबाखाली कौन्सिलची पिवळी पेटी होती, गरजेला वापरायच्या मिठाने भरलेली. नानांनी बिन पेटीशेजारी उभी केली आणि चाकांचा खडखडाट थांबला.

तेव्हा दुसरा आवाज ऐकू आला.

बारीक. अगदी बारीक. चिट... चिट... चिट... कुणीतरी तांदळातले खडे वेचून परातीत टाकावे तसा.

रस्त्यावर कुणीतरी होतं.

नानांना आधी वाटलं, माणूस घसरून पडला. वळणाच्या ऐन मध्यावर तो हातापायांवर ओणवा होता. पाठ त्यांच्याकडे. अंगात जुनं नारंगी जाकीट, भिजून काळं पडलेलं. जाकिटातून पाणी गळत होतं. वरून बर्फ पडत होता आणि त्याच्या अंगावर एक कण टिकत नव्हता.

"ओ मिस्टर," नानांनी हाक मारली. "पडलात का? थांबा, आलो..."

माणूस उठला नाही. त्याचं डोकं खाली, रस्त्याला टेकलेलं होतं. आणि ते हलत होतं. डावीकडून उजवीकडे, सावकाश, चरणाऱ्या गुरासारखं. मग गुडघे थोडे पुढे सरकत. पुन्हा डावीकडून उजवीकडे.

चिट... चिट...

नानांची नजर रस्त्यावर गेली. माणसाच्या पुढचा रस्ता तपकिरी होता, ओला, मिठाने माखलेला. माणसाच्या मागचा रस्ता काळा होता आणि खांबाच्या उजेडात आरशासारखा चकाकत होता. एक दाणा नव्हता त्यावर. नुसता बर्फाचा पातळ पापुद्रा.

नाना जागच्या जागी उभे राहिले. दुपारी आपण काय बोललो ते त्यांना आठवलं. मग वेचत असेल... हसत बोललो होतो.

माणसाने मान वळवली.

चेहरा म्हाताऱ्याचा होता. पांढरा, पाण्यात फार दिवस राहिलेला. डोळे मिटलेले. आणि दोन्ही पापण्यांवर मीठ, दाण्याला दाणा चिकटलेलं, दाट, त्या भाराने डोळे उघडू नयेत इतकं. तो चिडलेला दिसत नव्हता. दमलेला दिसत होता. दिवस मावळला, काम उरलं, असा गडी दिसतो तसा.

"ऑलमोस्ट डन, मेट..." तो म्हणाला. आवाज पाण्याखालून आल्यासारखा. "ऑलमोस्ट डन..."

झालंच म्हणतोय, एवढं इंग्रजी नानांना येत होतं.

त्याने मान पुन्हा खाली घातली.

त्याच वेळी लांबवर, सरळ रस्त्याच्या टोकाला, दोन दिवे दिसले. उजवा लख्ख. डावा मंद.

सुप्रभा.

सपाट मुलखात गाडी फार लांबून दिसते. आधी दिवे जागचे हलत नाहीत असं वाटतं, आणि मग अचानक ते अंगावर येतात. नानांनी दोन्ही हात वर केले, ओरडले. पण त्या हवेत त्यांचा आवाज त्यांच्याच तोंडापाशी पडला. खांबाचा उजेड वळणापुरताच होता. इतक्या लांबून तो ओणवा म्हातारा दिसणार कुणाला? आणि दिसला तर ती काय करेल? घाबरून ब्रेक दाबेल. या आरशावर. मागे उर्वी बसलेली.

नानांनी पेटीचं झाकण धरलं. ते गोठून बसलं होतं. त्यांनी कोपराने ठोसा मारला, मग दुसरा. झाकण कडकडत उघडलं. आत तपकिरी मीठ, वरून गठ्ठा झालेलं, खाली मोकळं. फावडं नव्हतं. नानांनी हातमोजे काढले आणि दोन्ही हात आत घातले.

आणि हात तिथेच थांबले.

क्षणभरच. पण थांबले. मीठ टाकायचं. रस्त्यावर, चाकांखाली. जे हात जन्मभर मीठ ओढत आले, राशी लावत आले, राशीबाहेर गेलेला दाणाही उचलत आले, त्या हातांनी. आणि मग... देवाघरी...

"हे तुझं नाही, बाबा," नाना त्या ओणव्या पाठीकडे बघत म्हणाले. मराठीतच म्हणाले. मिठाची भाषा एकच असते. "तुझं झालं. हे मी टाकतो. हे माझ्या नावावर."

पाठ थांबली.

नानांनी पहिली ओंजळ फेकली.

मग ते फेकतच राहिले. शेतकरी बी फोकतो तशी, हात लांब करून, एकसारखी. चकाकणाऱ्या रस्त्यावर मीठ सांडत होतं, फुटत होतं, पसरत होतं. बोटं सोलली. भेगांत मीठ गेलं. ती जळजळ ओळखीची होती, लहानपणापासूनची. ओंजळ, दोन पावलं, ओंजळ. कालव्याच्या काठाकाठाने नानांनी वळणाचा सगळा चकाकता भाग मिठाने भरून काढला. ओणव्या माणसाच्या जवळून जाताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. नुसता खाजणाचा वास आला आणि गेला.

दिवे अंगावर आले. नाना खांबाला पाठ लावून उभे राहिले.

गाडी वळणावर आली. मागची चाकं एकदा सरकली, कालव्याकडे, वीतभर. मग चाकांखाली करकर असा आवाज झाला, मिठावर दगड ओढल्यासारखा. चाकांनी रस्ता धरला. गाडी वळली आणि पलीकडे जाऊन थांबली.

रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

सुप्रभा खाली उतरली ती ओरडतच. "नाना! नको म्हटलं होतं ना मी! काय करत होता तुम्ही?"

"मीठ टाकत होतो."

"टाकत? रस्त्याच्या मधोमध?" तिने त्यांचे हात हातात घेतले, रक्त बघितलं, पदर असता तर पदराने पुसले असते, मफलरने पुसले. "मला वाटलं, पडलात. लांबून बघते तर तुम्ही रस्त्यावर ओणवे. डोकं खाली टेकून. मी म्हटलं, संपलं..."

"मी नव्हतो तो."

"मग कोण? तुमची टोपी ओळखत नाही का मी? आईने विणलेली. या देशात दुसऱ्या कुणाकडे आहे तसली?"

नानांनी डोक्याला हात लावला. टोपी डोक्यावर होती. कानापर्यंत ओढलेली.

मागची काच खाली झाली आणि उर्वीने डोकं बाहेर काढलं.

"आजोबा, कम ना! इट्स फ्रीझिंग! तुझा नाक लाल झाला!"

"माझं नाक. लाल झालं," नाना म्हणाले आणि गाडीत बसले.

घरी भात झाला, आमटी झाली. सुप्रभाने त्यांच्या बोटांना मलम लावलं, लावता लावता बोलणीही घातली. नानांनी दोन्ही मुकाट्याने घेतलं. उर्वीने शाळेत शिकलेलं गाणं म्हणून दाखवलं आणि म्हणता म्हणता सोफ्यावर झोपली. तिचे गार पाय नानांच्या मांडीवर होते. आमटीत मीठ थोडं कमी होतं. नानांनी वरून घेतलं नाही.

त्यांना बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं. दोघी घरात होत्या. बाकी जे काही होतं ते एकट्या त्यांच्या नावावर होतं, आणि नाना कुणाचं देणं ठेवणारे नव्हते.

सकाळी जाग आली तेव्हा डोळे चिकटले होते. चोळले तर पापण्यांना खरखरीत लागलं. गुडघेही भरून आले होते. ते खाली वाकून नाही, थंडीने, असं नानांनी ठरवलं. तोंड धुतलं, टोपी घातली, कोट चढवला आणि रिकामी बिन आणायला निघाले.

बर्फ थांबला होता. ऊन पडलं होतं, फिकं, ताकासारखं. कालव्यावर दोन बदकं होती. वळणावर येऊन नाना उभे राहिले.

कौन्सिलने काल सकाळी टाकलेलं, वळणाच्या पुढच्या अंगाचं मीठ जसंच्या तसं होतं. तपकिरी, ओलं, कडेपर्यंत. पहिल्यांदाच ते रात्रभर टिकलं होतं.

मागच्या अंगाला, जिथे नानांनी फेकलं होतं, तिथे काही नव्हतं.

नाना खाली वाकून बघत राहिले. सांधीकोपऱ्यात, खडीच्या फटींत, काठावरच्या गवताच्या मुळांशी. एक दाणा मागे राहिला नव्हता. सारवलेल्या खळ्यासारखा रस्ता स्वच्छ होता. असं काम करणारी माणसं आता राहिली नाहीत, त्यांच्या मनात आलं. आगरावरसुद्धा नाहीत. क्षणभर त्यांची छातीच फुगली.

मग त्यांना कोट जड वाटला.

त्यांनी खिशात हात घातला. उजव्या, मग डाव्या. दोन्ही खिसे काठोकाठ भरलेले होते. तपकिरी मीठ. बारीक, कोरडं, जराही कचरा नसलेलं.

"नाना! चहा!" घराच्या दारातून सुप्रभाने हाक मारली. थंड हवेत हाक लख्ख आली. "आलं घातलंय!"

"आलो!"

त्यांनी बिनला हात घातला. उन्हाने डोळे दिपले, पापण्या मिटल्या आणि उघडल्या. पापणीवरून काहीतरी सुटलं आणि रस्त्यावर पडलं.

चिट.

एकच दाणा. काळ्या रस्त्यावर तो स्पष्ट दिसत होता.

नाना उचलायला वाकले. पण हात पुढे गेला नाही. आधी गुडघे टेकले आणि मग, सावकाश, मान खाली गेली.